मदत हवी: रोज चालवायला आणि बागेतला माल आणायला कुठली पिकअप?

सावईकर: शनिवारी बुकिंगला जायचंय, लवकर सांगा. सध्याच्या छोट्या गाडीत मागची सीट पाडून नारळ भरतो, त्यात तिचे शॉकअप गेले. आता एकच गाडी ठेवायची, पिकअप. इसुझूची व्ही-क्रॉस मनात भरलीय. रोज कोणी वापरतं का? त्रास काय?

डिचोलीकर: माल किती किलो? घरात माणसं किती? पांढरी पाटी हवी की पिवळी चालेल? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

जुना गडी: बोलेरो पिकअप घ्या. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. चिरे, रेती, लग्नाची भांडी, सगळं ओढलं. गावातला मेस्त्रीसुद्धा उघडून दुरुस्त करतो.

डिचोलीकर: तिला मागची सीट नाही. कुटुंब असेल तर बसणार कुठे?

सावईकर: आम्ही पाच जण, बाबांचा गुडघा दुखतो. मुलीला शाळेत सोडून मी फोंड्याला ऑफिसला जातो. माल म्हणजे नारळ, सुपारी, शेणखत.

माडावयलो: "माल म्हणजे" किती, ते अजून कळलं नाही. असोला (न सोललेला) नारळ सव्वा किलो धरा, पाचशे नारळ म्हणजे सहाशे किलोच्या वर. व्ही-क्रॉस खासगी नोंदणीची. तिच्या आरसीवरचं वजन आधी वाचा, दिसते तेवढी भरता येत नाही. शिवाय खासगी गाडीच्या विम्यात स्वतःचं सामान चालतं, विकायचा माल चालत नाही. माझ्या भावाचा क्लेम याच कारणाने अडला, वर्षभर फेऱ्या मारल्या.

जुना गडी: म्हणूनच पिवळी पाटी. पण मग बॅज (व्यावसायिक गाडी चालवायचा परवाना) काढावा लागेल.

डिचोलीकर: बॅज नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, एलएमव्ही (हलकी मोटार) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते. पासिंग मात्र चुकत नाही: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी.

कोलवेकर: हौद्याच्या सांध्यात गंज धरतो. मी दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने खालून धुतो, लाइनर काढून. खाऱ्या वाऱ्यात हे केलंच पाहिजे.

सावईकर: मी समुद्राजवळ राहत नाही. पावसाळ्यात कशी चालते ते सांगा.

माडावयलो: रिकामी असताना मागची चाकं हलकी पडतात. आमच्या बागेकडच्या तांबड्या चढावर जुलैत ती नुसती फिरत राहिली, शेवाळावर चिखल उडाला आणि गाडी तिरकी होऊन गटाराशी थांबली. तेव्हापासून पावसाळाभर हौद्यात, मागच्या चाकांवर, रेतीच्या तीन गोणी बांधून ठेवतो. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा वजनासाठी बनवलेल्या असतात, रिकामी गाडी खड्ड्यात उडते. बाबांना मागे बसवणार असाल तर हे आधी बघा.

जुना गडी: अर्धी गाडी, अर्धा ट्रक कशाला? गाडी दुरुस्त करा, महिन्यातून दोनदा पिकअप भाड्याने बोलवा. पाडेली (माडावरचे नारळ काढणारा) येतो त्याच दिवशी.

सावईकर: आमच्याकडे नारळ काढायचा दिवस पाडेली ठरवतो, मी नाही. भाड्याची गाडी त्या सकाळी मिळत नाही.

डिचोलीकर: सीटही हवी, मालही हवा, तर इसुझूची एस-कॅब किंवा बोलेरो कॅम्पर बघा, पिवळ्या पाटीवर. आणि बागेचं गेट किती रुंद आहे? व्ही-क्रॉस १,८६० मिलिमीटर, आरसे सोडून. सव्वापाच मीटरहून लांब, म्हणजे वळवायलाही जागा लागते.

सावईकर: आत्ताच टेप लावून आलो. दोन चिऱ्यांच्या खांबांमध्ये सहा फूट चार इंच. उजवा खांब आजोबांनी बांधलेला, आई तो काढू देणार नाही. व्ही-क्रॉस बाद. शनिवारी बाबांना कॅम्परच्या मागच्या सीटवर बसवून खांडेपारपर्यंत जाऊन येतो.

माडावयलो: हौदा रिकामा ठेवूनच न्या.

कोलवेकर: सावईकर, तुमचा पाडेली कोण? आमचे माड तीन महिने उतरवलेले नाहीत. नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.