गंगापूर रोडचं मत तेवढं शहाणं, बाकीचे येडे?

सिडकोवाला:
काल इथे एकाने लिहिलं की नाशिक शहरातला शिकलेला नोकरदार विकास बघून मत देतो, खेड्यातला आणि आदिवासी पट्ट्यातला जात आणि पाकीट बघून. वर हेही, की शहराची टक्केवारी पडते ती सिडको-सातपूरच्या कामगारांमुळे, सुट्टी मिळाली की झोपा काढतात. खाली लाईकचा पाऊस. म्हणून हे लांबण.

शिकलेला माणूस विचाराने मत देतो ना? मग 2009 ला शहरातल्या तिन्ही जागा मनसेला आणि 2014 ला तिन्हीच्या तिन्ही भाजपला कशा गेल्या? महापालिकेत 2012 ला मनसे 40, 2017 ला 5. कॉलेज रोड-गंगापूर रोडची शिकलेली माणसं बदलली का मधल्या काळात? तेच फ्लॅट, तेच लोक, हवा फिरली की फिरले.

आता टक्केवारी. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला दिंडोरी, कळवण हे आदिवासी पट्ट्यातले मतदारसंघ 75 टक्क्यांच्या पुढे आणि शहरातले तिन्ही मतदारसंघ 60 च्या आत. त्यात कॉलेज रोडवाला नाशिक मध्यही आला. कॉलेज रोडला कुठली कंपनी नाईट शिफ्ट लावते?

आमच्या गल्लीत निम्मी घरं कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) नाहीतर धुळे-जळगावची. अंबडच्या कारखान्यांत कामाला, घरात अहिराणी. घर घेतलं तेव्हा इथे नाव लागलं, गावच्या यादीतलं कोणी काढलं नाही. मतदानाच्या आदल्या रात्री गाडी करून गावी जातात, कारण तिथे उमेदवार ओळखीचा असतो. इथल्या यादीत ते गैरहजर. झोपलेले नाहीत, मत टाकून आलेत.

गोदाकाठचा:
ते लिहिणारा मीच. म्हणजे दोन-दोन ठिकाणी नावं ठेवायची आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवायचं! कायद्यात बसत नाही हे, माहीत आहे ना? आणि ग्रामीण मतदार फार जागरूक असेल तर 2024 च्या लोकसभेला दिंडोरीत शरद पवार गटाचे भास्कर भगरे सोडून तुतारी चिन्हावरच्या दुसऱ्याच अपक्ष भगरेंना लाखावर मतं कशी पडली, ते सांगा.

निफाडकर:
नाव सारखं, चिन्ह सारखं, फसले लोक. पण निकाल फिरला का? नाही, भास्कर भगरेच निवडून आले. जात बघतो म्हणे आम्ही! केंद्राने 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली, उठवली 4 मे ला, आणि 20 मे ला मतदान. ट्रॉली घेऊन लासलगावला लिलावात उभे राहा एकदा. व्यापारी मूठभर कांदा उचलतो, बघतो, परत टाकतो, आणि जो आकडा बोलतो त्यात डिझेलही निघत नाही. केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार दिंडोरीत पडल्या त्या यामुळे. बारदान, मजुरी, कांदाचाळीत सडलेला माल, यावर कोणी धागा काढत नाही इथे.

पंचवटीची माई:
दादा, कांद्यावर गाडी आली की तुमची सुटत नाही. मग सहाच महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यात 15 पैकी 14 जागा महायुतीला कशा? तेव्हा कांदा गोड लागला?

निफाडकर:
लाडक्या बहिणीचे 1500 रुपये गोड लागले, माई. आमच्या घरातही आले.

पंचवटीची माई:
हे बरं कबूल केलंत. मला विचाराल तर शहर-खेडं सोडा. लोकसभेला सिन्नरने एकट्याने ठाकरे गटाच्या राजाभाऊ वाजेंना लाखावर आघाडी दिली, गावचा माणूस म्हणून. त्याच सिन्नरने विधानसभेला महायुतीचे कोकाटे निवडले, तेही गावचेच. पक्ष कुठला ते नंतर.

पण यादीत घोळ आहे हे खरं. माझे सासरे जाऊन वर्षं झाली, यादीत अजून आहेत. आणि मी जिवंत बाई, माझं नाव उडालं! केंद्रावरून परत पाठवलं. चिठ्ठ्या वाटणारा म्हणाला, "माई, पुढच्या वेळी या."

सातपूर कॉलनी:
आमच्या इमारतीत भाडेकरू तीनदा बदलले, यादीत पहिलेच. हे सगळे टक्केवारीत "न आलेले" म्हणून मोजायचे आणि कामगारांना आळशी म्हणायचं.

गोदाकाठचा:
नावं कमी करायला फॉर्म 7 असतो. भरा की. भरत नाही, तोच आळस.

सिडकोवाला:
यादीसाठी घरोघरी फिरणारे बीएलओ म्हणजे आमच्याकडे अंगणवाडीच्या ताई. पोषण आहार बघायचा, सर्वे करायचे, त्यात गल्लीभर कुलपं, सगळे ड्युटीवर. आणि साहेब, तुमच्या सोसायटीत वॉचमन बीएलओला गेटवरूनच परत पाठवतो.

गोदाकाठचा:
पाठवतो, मान्य. ऑनलाईन भरतो आम्ही.

पंचवटीची माई:
भरलात? मुलगा पुण्याला, मुलगी बाहेरदेशी, मागे तुम्हीच लिहिलं होतं. दोघांची नावं कुठे आहेत?

गोदाकाठचा:
मुलाचं इथेच आहे. मतदानाला येतो म्हणतो, सुट्टी जोडून आली तर. बरं, तुमचंच खरं, सिडको जागी आणि आम्ही झोपलेले. खूश?

सिडकोवाला:
खूश नाही. आधी त्याचा फॉर्म 8 भरा, पुण्याचा पत्ता टाकून.

निफाडकर:
आणि कांद्याचं?