इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारात वसंतात पक्षी-प्राणी कसे बघावेत?

प्रश्न – कुंपणावरचा
दक्षिण इंग्लंडमधल्या खेड्यात घराशेजारी जुनं चर्च आहे. आवारात यूची (सदाहरित झाड) दोन थोराड झाडं, दगडी बुरूज, मागे न कापलेलं गवत आणि कुंपणापलीकडे शेत. दुर्बीण 8x42 आहे. महाराष्ट्रातले पक्षी ओळखता येतात, पण इथले आवाज कानात बसत नाहीत. कधी जावं, कुठे थांबावं? सस्तन प्राणी दिसतील का? आवाज ओळखणाऱ्या ॲपवर किती विसंबावं?

पाचोळा
मेची वाट बघू नका, मार्चमध्येच सुरुवात करा. झाडांना पालवी नसते आणि गाणारे मोजके असतात: रॉबिन, रेन, डनॉक, ग्रेट टिट, ब्लॅकबर्ड, साँग थ्रश. हे सहा पक्के झाले की मार्चच्या मध्याला आलेला चिफचॅफ लगेच कळतो, तो स्वतःचंच नाव घोकत बसतो. थेट मेमध्ये गेलात तर नुसता गलबला ऐकू येईल.

साँग थ्रश एकेक लकेर दोन ते चार वेळा घेतो, मग पुढची. ब्लॅकबर्ड संथ, बासरीसारखा. दयाळ ऐकलेल्या कानाला तो आधी जवळचा वाटेल. थ्रशची खूण जमिनीवरही सापडते. थडग्याच्या एखाद्या दगडाच्या पायथ्याशी गोगलगायींच्या फुटक्या शंखांचा ढीग दिसला, तर ती त्याची ऐरण. शंख चोचीत धरून तो दगडावर आपटतो आणि पुन्हा पुन्हा त्याच दगडाकडे येतो.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचा, एप्रिलच्या मध्याला म्हणजे साडेपाचच्या सुमारास. यूपासून पंधरावीस पावलांवर भिंतीला पाठ लावून वीस मिनिटं हलू नका. यूमध्ये गोल्डक्रेस्ट असण्याची शक्यता दाट. वजन जेमतेम 5–6 ग्रॅम, आवाज इतका बारीक की वय वाढलं की अनेकांना तो ऐकूच येत नाही. म्हणून डहाळीची टोकं बघा.

ॲप फक्त सुचवणीपुरतं वापरा. स्टार्लिंग आपल्या साळुंकीच्या कुळातला, दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि ॲप फसतं. पक्षी दिसल्याशिवाय नोंद करू नका. आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर अजिबात नको; विणीच्या दिवसांत नर घरटं आणि खाणं सोडून प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो.

बुरूजवाला
बुरुजाच्या पायथ्याशी काटक्यांचा सडा दिसतो का बघा. तो जॅकडॉ या छोट्या कावळ्याचा. भोकात काटक्या कोंबताना निम्म्या खाली पडतात. आपल्या गावकावळ्याहून लहान, डोळा मात्र फिकट, चांदीसारखा.

स्विफ्टसाठी (पाकोळीसाठी) पहाट निरुपयोगी. ते एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला येतात. मावळतीआधीच्या तासा-दीड तासात छपराच्या उंचीवरून किंचाळत थवा गेला, की घरटी तिथेच आहेत असं समजा. आत शिरणं क्षणभराचं असतं, म्हणून दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी भिंतीची एकच बाजू बघत राहा. ऑगस्टमध्ये ते परत जातात. छपराची दुरुस्ती निघणार असेल तर स्विफ्टच्या फटी आत्ताच चर्चच्या व्यवस्थापकांना दाखवून ठेवा. चालू घरटं मोडणं 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

आखूड गवतावर पांढुरकी, सिगारेटच्या राखेसारखी कांडी सापडली तर ती हिरव्या सुतार पक्ष्याची विष्ठा. बोटभर काडीने फोडा, आत मुंग्यांचे तुकडेच तुकडे दिसतील. गवतातली मुंग्यांचे उंचवटे तुडवू नका, त्याचं जेवण तिथेच आहे.

रातकिडा
सस्तन प्राण्यांची सुरुवात वटवाघळांपासून करा. सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी पिपिस्ट्रेल ही छोटी वटवाघळं बाहेर पडतात. डिटेक्टर (वटवाघळांचे आपल्याला न ऐकू येणारे आवाज ऐकवणारं यंत्र) 45 किलोहर्ट्झवर ठेवला की कॉमन पिपिस्ट्रेल ऐकू येतं, 55 वर सोप्रानो ही दुसरी जात. लांब कानांची वटवाघळं बरीच उशिरा निघतात आणि हळू ओरडतात, डिटेक्टरला ती चुकतात. गार वाऱ्याच्या रात्री काहीच दिसलं नाही तर जागा रिकामी आहे असं समजू नका, किडेच उडत नसतात.

खिडकीच्या कट्ट्यावर काळ्या लेंड्या असतील तर टिशूत धरून दाबा. भुकटी होऊन किड्यांचे चकचकीत कण निघाले तर वटवाघूळ, टणक राहिली तर उंदीर.

साळिंदरासारखा काटेरी, पण छोटा हेजहॉग मार्च-एप्रिलमध्ये जागा होतो. त्याची विष्ठा काळी, चकाकणारी, भुंग्यांच्या पंखांनी भरलेली. बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याची खूण म्हणजे उथळ खड्ड्यात उघडी टाकलेली विष्ठा. बिळाच्या तोंडाशी मात्र जाऊ नका, त्याला स्वतंत्र कायदेशीर संरक्षण आहे.

कुंपणावरचा
ट्रेल कॅमेरा (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) लावू का?

रातकिडा
आधी परवानगी. लोक तिथे आपल्या माणसांना भेटायला येतात, त्यामुळे लेन्स थडग्यांकडे किंवा पायवाटेकडे नको. कुंपणाखालच्या मळलेल्या चोरवाटेकडे, जमिनीपासून 30–40 सेंटीमीटरवर, तोंड उत्तरेला करून बांधा. ऊन आणि समोरचं हलतं गवत यांनीच रिकामे फोटो भरतात. जुन्या दगडांना टेकू नका, कॅमेराही बांधू नका. कित्येक दगड मुळातून सैल झालेले असतात.