जुन्या व्हॅनचे पॉवर स्टीअरिंगचे पाईप गळतायत, काय करू?

देवगडकर:
नमस्कार मंडळी. २००६ ची डिझेल व्हॅन आहे. आंब्याच्या दिवसांत देवगडहून कोल्हापूरला पेट्या नेतो, एरवी घरची कामं. पॉवर स्टीअरिंगचं ऑइल आधी क्वचित टाकावं लागायचं. आता करूळ घाट चढून गगनबावड्याला पोचेपर्यंत डबीतलं ऑइल खालच्या खुणेच्या खाली जातं आणि वळणावर पंप विव्हळतो.

खाली शिरून बघितलं तर दोन पाईप ओले. एक पंपापासून स्टीअरिंग बॉक्सपर्यंतचा, अर्धा लोखंडी अर्धा रबरी. दुसरा बॉक्सकडून डबीकडे परत येणारा, रेडिएटरच्या पुढून वळसा घालून. लोखंडावर गंजाचे पापुद्रे सुटलेत. समुद्राकाठची गाडी, त्याला इलाज नाही. नवा पाईप कुठेच मिळत नाही. एक फिटर म्हणतो, गंजका तुकडा कापून रबरी नळी घालतो आणि क्लिपा आवळतो, तासाभरात गाडी घेऊन जा. ऐकू का त्याचं?

घाटमाथा:
बाजारात गळती थांबवणारं ऑइल मिळतं, ते ओता आणि सीझन काढा. नंतर बघू.

होजवाला_कोल्हापूर:
घाटमाथा भाऊ, ते औषध कडक झालेल्या रबरी सीलला फुगवतं. गंजून भोक पडलेल्या लोखंडाला काय फुगवणार? पैसे वाचवा.

देवगडकर, माझं हायड्रॉलिक होज, म्हणजे जास्त दाबाच्या ऑइलच्या रबरी नळ्या, क्रिंप करायचं दुकान आहे. क्रिंप म्हणजे नळीच्या टोकावर धातूची कॉलर मशीननं दाबून बसवणं. गळीत हंगामात ऊसतोडणीच्या मशीनचे होज, बाकी वर्षभर जेसीबी आणि ट्रॅक्टर. तुमच्यासारखे गाडीवालेही येतात, बहुतेक क्लिपा आवळून झाल्यावर!

तुमचे दोन्ही पाईप ओले असले तरी त्यांचा आजार एक नाही. परतीच्या पाईपात दाब नावालाच असतो. तिथं गंजका भाग कापून ऑइलला चालणारी नळी आणि चांगल्या क्लिपा घातल्या तर माझी काहीच हरकत नाही. फक्त पेट्रोलची किंवा पाण्याची नळी नको, गरम ऑइलनं ती लिबलिबीत होते. तो वळसा ऑइल गार करायला दिलाय, त्यामुळं कापून सरळ जोडून टाकू नका. घाटात तोच कामाला येतो.

पंपाकडून निघणाऱ्या पाईपाचं वेगळं. स्टीअरिंग टोकापर्यंत फिरवून धरलं की तिथं साधारण शंभर बारपर्यंत दाब चढतो. टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, आता हिशोब करा. क्लिपेतली नळी सटकली की ऑइलचा फवारा थेट तापलेल्या एक्झॉस्टवर, आणि हे ऑइल पेटतं. वर स्टीअरिंग एकदम दगडासारखं जड. चाकं वळतात, जोडणी तुटत नाही, पण पेट्यांनी भरलेली गाडी घाटाच्या वळणावर नुसत्या मनगटावर ओढून बघा.

तो पाईप असा करायचा. दोन्ही टोकांचे तुकडे ठेवायचे, कारण तिथले आटे आणि बसायची जागा तुमच्या गाडीची आहे, ती दुकानात मिळत नाही. मधला लोखंडी भाग बिनजोडाच्या स्टील ट्यूबचा. तांब्याचा कुणी सुचवला तर नमस्कार करून निघा. रबरी भागाच्या जागी ३/८ इंची, आत तारेची एक जाळी असलेला हायड्रॉलिक होज, मशीनवर क्रिंप केलेला. त्याला १८० बार चालतात. दोन जाळीचा घालायचा लोकांना लई सोस असतो, पण तो ताठ. मुळात तिथं रबर दिलंय ते पंपाचे धक्के पचवायला आणि इंजिन हलतं म्हणून. त्याच कारणासाठी अख्खा पाईप लोखंडाचा करू नका, सगळी घरघर केबिनमध्ये येते. होज एक्झॉस्टपासून लांब बांधा.

आधी गळती नक्की कुठली ते शोधा. सगळं डिझेलनं धुवा, पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर मारा आणि इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवायला सांगा. हात लावून चाचपू नका. बारीक भोकातली धार कातडीत घुसते आणि बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं. असं झालं तर मलम लावत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात. गळती बघायला पुठ्ठा पुढं धरा.

देवगडकर:
पावडरचा उपाय नामी. परतीचा पाईप ज्या क्लॅम्पने चॅसीला धरलाय, त्या क्लॅम्पच्या आतच कुजलाय. दाबाच्या पाईपाला रबर आणि लोखंड जुळतं त्या कॉलरमधून पाझर आहे. पण बॉक्सवरचा नट जाम हलत नाही. कडा गोल व्हायला लागल्यात.

होजवाला_कोल्हापूर:
क्लॅम्पचं रबर खारं पाणी धरून ठेवतं, म्हणून तिथंच आधी कुजतं. नवीन बसवताना तो भाग रंगवून ग्रीस लावा.

नटाला आता उघडा पाना लावू नका. रात्रभर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. ऑइल सांडलेलं असताना गॅसची ज्योत तर नकोच. त्या टोकाचा पाईप बदलायचाच आहे, मग नटाच्या मागून सरळ कापा आणि सहा कोनी गोटी पाना पूर्ण बसवून फिरवा. नट वाचला की नव्या ट्यूबवर तोच चढवून फ्लेअर करता येतो, म्हणजे ट्यूबचं तोंड फाकवून बसवता येतं. मात्र कापायच्या आधी जाड तारेला पाईपासारखी वळणं देऊन साचा करा. फोटोवरून वळण कळत नाही, माझ्याकडं नुसते फोटो घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवतो.

पंपाकडं बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) असेल तर त्याचे तांब्याचे दोन्ही वायसर नवेच घाला.

देवगडकर:
आणि हवा कशी काढायची? ऑइल कुठलं?

होजवाला_कोल्हापूर:
डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच. बऱ्याच जुन्या गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सगळे सील जातील. पुढची चाकं उचलून घोडीवर ठेवा, इंजिन बंद, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा आणि डबी रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला दाबून धरायचं नाही. फेस आला तर इंजिन बंद करून तासभर थांबा. फेस बसल्यावर परत सुरू करा.