टॉवेलच्या बॉक्सला आरएफआयडी टॅग लावावा का? भिवंडीत दरवेळी दोन-तीन बॉक्स कमी निघतात

अक्कलकोटरोडकर

नमस्कार मंडळी. चुलत्यांचं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे, मी डिस्पॅच बघतो. त्रास असा आहे की इथून गाडी निघते ४८० बॉक्स घेऊन आणि भिवंडीच्या गोडाऊनमधनं फोन येतो ४७७ मिळाले म्हणून. कधी दोन कमी, कधी चार, एकदा तर एक जास्त निघाला होता, त्यावर कोणीच काही बोललं नाही. पार्टी बिलातनं कापते आणि आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यातनं कापतो. तो बिचारा म्हणतो मालक ताडपत्री तुमच्यासमोर बांधली, रस्त्यात कोण सोडणार.

मोजायची पद्धत म्हणजे गाडीच्या फाळक्यापाशी मुनीम रजिस्टर घेऊन उभा, हमाल लाभ (म्हणजे एक), दोन, तीन म्हणत बॉक्स टाकतात, हा चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारतो. मधेच चहा येतो, मधेच डाईंगवाल्याचा फोन येतो, मग "कुठवर आलो रे" म्हणून हमालालाच विचारतो.

परवा एका ओळखीच्याने सांगितलं की आरएफआयडी टॅग लावा, गाडी कुठंय, बॉक्स कुठंय सगळं मोबाईलवर दिसतं. खरंच असं दिसतं का? खर्च किती येतो? आणि पुढं जाऊन सूत डाईंगला जातं, तिथनं वॉर्पिंग, लूम, मग शिलाई बाहेर, तिथपर्यंत पण हे लावता येईल का, कारण खरं सांगायचं तर माल कुठल्या टप्प्यावर अडकलाय हे आम्हाला पार्टीने तगादा लावल्यावरच कळतं.

टॅगवाला_पुणे

मी हेच बसवायचं काम करतो त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे मोबाईलवर बॉक्स चालताना दिसतो हे डोक्यातनं काढा. ते जीपीएस, त्याला बॅटरी लागते, सिम लागतं. तुम्हाला जो टॅग मिळणार तो कागदी स्टिकरसारखा, आत एक बारीक चिप आणि भोवती अ‍ॅल्युमिनियमची अँटेना, बॅटरी नाही काही नाही. रीडर रेडिओलहरी सोडतो, तेवढ्याच ताकदीवर चिप जागी होते आणि आपला नंबर परत सांगते, बास. म्हणजे टॅगला स्वतःला माहीत नसतं तो कुठंय. तो कुठल्या रीडरसमोरनं कधी गेला एवढंच कळतं. तुमच्या गाडीच्या काचेवर फास्टॅग आहे ना, तोच प्रकार, त्याच घराण्यातला. सावळेश्वरच्या नाक्यावर वाचला, मग वरवड्याला वाचला, मधल्या वेळात गाडी मोहोळच्या धाब्यावर होती का शेतात होती ते फास्टॅगला ठाऊक नाही.

बारकोडपेक्षा फायदा काय तर समोर धरावं लागत नाही आणि एकेक करून वाचावं लागत नाही. सेकंदाला शेकडो टॅग वाचले जातात, बॉक्सची थप्पी ट्रॉलीवरनं नेली तरी चालतं. कापूस आणि पुठ्ठा या लहरींना फारसा आडवा येत नाही, त्यामुळे टॉवेल हा आमच्या दृष्टीने सोपा माल आहे. अवघड काय तर लोखंड आणि पाणी. लोखंडावरनं लहर उलटते, पाणी ती पिऊन टाकतं.

आता खरी डोकेदुखी ऐका. लोकांना वाटतं टॅग वाचला जाणार नाही ही अडचण, पण जास्त त्रास नको ते वाचलं जाण्याचा होतो. टोलवर शेजारच्या लेनमधल्या गाडीचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून काळजी घ्यावी लागते ना, तसंच. एका युनिटमधे मी शटरवर रीडर बसवला तर गाडीत टाकलेले ३०० आणि दाराशेजारी उद्यासाठी रचून ठेवलेले ६० असे ३६० वाचायला लागला, कारण शटर पत्र्याचं, लहर त्याच्यावर आपटून मागच्या थप्पीपर्यंत जायची. मग पॉवर कमी केली, अँटेना खाली तिरक्या केल्या, दारात फोटो सेन्सर लावला, म्हणजे कोणी आत-बाहेर गेलं तेवढ्यापुरताच रीडर चालू. आणि दाराच्या दोन्ही बाजूला पिवळा पट्टा मारला, या आत माल ठेवायचा नाही म्हणून. त्या सगळ्यात पिवळा पट्टा सगळ्यात कामाचा निघाला, आणि पाळायला सगळ्यात अवघड पण तोच.

घेताना एक बघा. भारतात यासाठी बिनपरवाना बँड २००५ ला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ असा खुला केला, २०२१ ला तो ८६८ पर्यंत वाढवला. अमेरिकेतला ९०२ ते ९२८. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा अमेरिकन सेटिंगचा रीडर घेऊ नका, तो बँड आपल्याकडे मोबाईलवाल्यांच्या वाटेत येतो. डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस परवाने देणाऱ्या खात्याची, मंजुरी आहे का विचारा. टॅग बहुतेक ८६० ते ९६० सगळीकडे चालणारे असतात, त्यांची चिंता नाही.

खर्च म्हणाल तर साधा टॅग थोडे घेतले की सात-आठ रुपयाला पडतो, लाखात घेतले की खाली येतो. हातातला रीडर चांगला घ्यायचा तर लाखाच्या आसपास धरा.

जुना_गिरणगाव

काय बे, चाळीस पैशाच्या बारकोडचं काम आठ रुपयात करायला निघालास होय.

मी पस्तीस वर्षं ह्याच धंद्यात काढली. आमच्या मालकानं पण हौसेनं घेतलं होतं हे, सहा-सात वर्षं झाली. रीडर आला, पेढे वाटले, तीन महिने चाललं. मग टॅग छापायची मशीन बिघडली, रिबन पुण्यावरनं यायची, तोवर पोरं पेनानं नंबर टाकायला लागली ते आजपर्यंत. रीडर ऑफिसच्या कपाटात आहे, दिवाळीला त्याची पण पूजा होते.

माझं एवढंच म्हणणं हाय की तुझे बॉक्स हरवत नाहीत, तुझी नोंद हरवते. पॅकिंग लिस्ट कोण लिहितो? बॉक्स बंद झाल्यावर लिहितो का आधीच लिहून ठेवतो? आमच्याकडं संध्याकाळी सहाच्या आत लिस्ट ऑफिसला द्यायची म्हणून शेवटचे दहा-बारा बॉक्स भरायच्या आधीच लिहिले जायचे. आणि काय रे, टॉवेल म्हणजे पाणी प्यायलाच जन्मलेला माल, मग ते पाण्याचं काय?

शिपिंगबिल

एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन करते, म्हणून दुसरी बाजू सांगते.

एक्स्पोर्ट करत असाल तर आरएफआयडी तुमच्या दारात आधीच आलेलं आहे. फॅक्टरीत स्वतः कंटेनर सील करायचा तर २०१७ पासून कस्टमचं ई-सील लागतं, तो बोल्ट असतो ना त्याच्यातच टॅग असतो. सील मारल्यावर गाडी हलायच्या आधी सील नंबर, शिपिंग बिल, कंटेनर नंबर, गाडी नंबर, वेळ हे सगळं अपलोड करायचं, मग न्हावाशेव्याला रीडरने वाचतात. सीलशी छेडछाड झाली असेल तर तिथंच कळतं आणि कंटेनर उघडून तपासणीला जातो. आमच्याकडे एकदा ड्रायव्हरने दार नीट बसलंय का बघायला बोल्टला हिसके दिले होते, तेव्हापासून मी सील मारल्यावर दाराजवळ कुणाला उभं करत नाही 😄

आणि कंटेनर कुठंय हे बघायला वेगळा खर्च नको, एलडीबीच्या (लॉजिस्टिक्स डेटा बँक) साइटवर कंटेनर नंबर टाका. २०१६ मधे जेएनपीटीपासून, म्हणजे न्हावाशेव्याच्या बंदरापासून, सुरू झालंय, कंटेनरवर टॅग आणि पोर्टच्या गेटला, टोलनाक्यांना रीडर. आमच्यातले निम्मे लोक अजून सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) फोन करून "पोचला का" विचारत बसतात.

तिसरी गोष्ट, बाहेरची मोठी पार्टी असेल तर ती प्रत्येक टॉवेलला टॅग मागते, बॉक्सला नाही. वॉलमार्टने २००३ मधे जाहीर केलं होतं की २००५ च्या जानेवारीपासून मोठ्या १०० सप्लायरनी खोक्यांना आणि पॅलेटला टॅग लावायचे, ते पुढं थंड पडलं. मग कपड्यांपासून नव्याने सुरू केलं, एकेका नगाला, आणि २०२२ ला घरगुती सामानापर्यंत आणलं, त्यात टॉवेल-चादर आलीच. तिथं टॅग कुठला लावायचा ते पण ठरलेलं असतं आणि आतला नंबर मनाने टाकून चालत नाही, जीएस१ या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलेल्या कोडवरनं तयार करावा लागतो, आपला ८९० ने सुरू होणारा बारकोड असतो ना तोच पाया आणि पुढं प्रत्येक नगाचा वेगळा अनुक्रमांक. एका युनिटने सगळ्या टॅगमधे एकच नंबर भरला होता. रीडरला अख्ख्या कंटेनरमधे एकच टॉवेल दिसला.

अक्कलकोटरोडकर

काका, लिस्टचं तुम्ही बरोबर पकडलंत, आमच्याकडे पण तसंच होत असावं, बघतो. आमचं सध्या डोमेस्टिकच आहे, थोडं हॉटेल सप्लाय. हॉटेलवाले विचारत होते की टॉवेल धुवायला जातात आणि परत येताना कमी येतात, त्याला काही असतं का.

टॅगवाला_पुणे

काकांच्या पाण्याचं आधी सांगतो. कोरड्या म्हणतो त्या कापसात पण साडेआठ टक्क्याच्या आसपास ओलावा धरलेला असतोच, तेवढ्याने काही अडत नाही. ओला पिळलेला टॉवेल असेल तर मात्र वाचन कोसळतं. सोलापुरात मे महिन्यात ४३ डिग्रीत तुम्हाला काय ओलावा लागणार, पण भिवंडीत जुलैमधे पुठ्ठा मऊ पडतो, तिथं फरक दिसेल.

हॉटेलसाठी लाँड्री टॅग वेगळे येतात, शिवणीत बसवायचे, साधारण २०० धुलाया काढतात. महाग असतात पण एक टॉवेल किती वेळा धुतला गेला ते पण कळतं.

डाईंग, लूम, शिलाई ते सगळं आत्ता सोडा. शिलाई घरोघरी जाते, तिथं रीडर कोण ठेवणार? सुरुवात एकाच जागी करा, पॅकिंग ते गाडी. आणि विकत काही घेऊ नका, भाड्याने हातातला रीडर मिळतो, एक गाडी करून बघा. बॉक्सवर टॅग लावताना एकच बाजू ठरवा आणि दोन टॅग एकावर एक येऊ देऊ नका, चिकटले की एकमेकाचा आवाज दाबतात.

जुना_गिरणगाव

भाड्यानं आण बे. आणि पॅकिंगवाल्या पोरांना आधी नीट सांग हे कशाला चाललंय, नाहीतर त्यांना वाटेल मालक आपल्यावर पाळत ठेवायला लागले. आमच्याकडं दोघांनी त्यावरनंच काम सोडलं होतं.

अक्कलकोटरोडकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी, गड्ड्याची यात्रा होती, कामगार निम्मेच येत होते.

एक गाडी केली. ४८० टॅग घेतले, ३८४० रुपये गेले, रीडर चार दिवस भाड्याने. काकांनी सांगितल्याप्रमाणे बॉक्सला टेप लागल्यावरच टॅग चिकटवायचा आणि तिथंच नंबर नोंदवायचा असं ठेवलं. पॅकिंगला ४८० नोंदले. गाडी भरून झाली, मुनीमच्या रजिस्टरमधे पण ४८०, रेघा एकदम व्यवस्थित. मी रीडर घेऊन गाडीला दोन फेऱ्या मारल्या, ४७८. परत मारल्या, ४७८. मुनीम म्हणाला मशीन चुकतंय.

तर त्या रीडरमधे एक सोय आहे, हरवलेला नंबर निवडायचा आणि चालत सुटायचं, जवळ गेलं की टीट-टीट वाढतं. शेडमधनं फिरत फिरत जिन्याखाली गेलो, तिथं जोरात वाजायला लागलं. पोत्याखाली दोन बॉक्स. चेकिंगवाल्या मावशींनी रंगाची छटा थोडी वेगळी वाटली म्हणून बाजूला काढून ठेवले होते, त्यांचं काही चुकलं नाही, कुणाला सांगायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि रजिस्टरमधे ४८० कसे आले तर मुनीमच्या खिशात लिस्ट होती, शेवट तो लिस्टला जुळवून घ्यायचा. दोन रेघा त्याच्याच.

मग हट्टाने ते दोन टाकून ४८० पूर्ण केले आणि गाडीबरोबर भिवंडीला गेलो. तिथं उतरवून त्यांनी मोजले ४७९. मी परत रीडर काढला. शेजारी दुसऱ्या पार्टीच्या चादरीचे बॉक्स लागले होते, त्या थप्पीत तळातनं दुसऱ्या ओळीत आमचा बॉक्स वाजत होता. गोडाऊनवाला म्हणाला हमालाने चुकून टाकला असेल. असेलही.

आता चुलते तयार आहेत पण शटरवरचं मोठं नको म्हणतात. एक हातातला रीडर आणि पार्टीच्या मोठ्या गाड्यांनाच टॅग, बाकीच्यांना बारकोड, असं चालेल का? आणि मावशींसाठी लाल टेप आणलाय, बाजूला काढलेल्या बॉक्सला तो लावायचा आणि नंबर मला सांगायचा.

टॅगवाला_पुणे

चालेल. फक्त दोन्हीचा नंबर एकच ठेवा, टॅगमधला आणि त्यावर छापलेला बारकोड. रीडर बंद पडला तर बारकोडवर काम चालू राहील. आणि रिबनचे दोन रोल जास्तीचे ठेवा, काकांच्या कपाटातली गोष्ट विसरू नका.

शिपिंगबिल

सगळं छान झालं पण त्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यातनं इतके दिवस कापले त्याचं काय?

अक्कलकोटरोडकर

तेच चुलत्यांना विचारलं. जुन्या गाड्यांचा हिशोब काढ म्हणालेत. काढतोय, वर्षभरात एकतीस बॉक्स निघालेत.