मदत हवी आहे: एक्सटर्नल प्रोजेक्टमधील लायब्ररी '/एमडी'नेच (डायनॅमिक रनटाइमसह) कंपाइल होते (लिंकर त्रुटी एलएनके२०३८)

विंडोज ११ वर व्हिज्युअल स्टुडिओ २०२२, सीमेक ३.२८ (बिल्डची मांडणी तयार करणारे साधन) आणि निंजा (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारे साधन) वापरून मी ६४-बिट रिलीज बिल्ड करत आहे. लक्ष्य संगणकांवर व्हिज्युअल सी++चे रनटाइम वेगळे इन्स्टॉल करण्याची मुभा नसल्यामुळे सर्व काही '/एमटी'ने, म्हणजे स्टॅटिक रनटाइमसह (रनटाइम प्रोग्राममध्येच सामावून), बांधणे आवश्यक आहे.

मुख्य प्रकल्प व्यवस्थित कंपाइल होतो; परंतु 'एक्सटर्नलप्रोजेक्ट_ॲड' (बाहेरचा प्रकल्प वेगळा बांधण्याची सीमेकची आज्ञा) द्वारे बांधलेली स्टॅटिक लायब्ररी जोडताना लिंकर 'रनटाइमलायब्ररी'च्या मूल्यांत तफावत असल्याचे सांगून थांबतो. रनटाइम निवडणाऱ्या 'सीमेक_एमएसव्हीसी_रनटाइम_लायब्ररी' या चलाचे मूल्य 'मल्टिथ्रेडेड' (म्हणजे '/एमटी') ठेवून ते 'सीमेक_आर्ग्स'मधून (बाहेरच्या प्रकल्पाला पर्याय देण्याची जागा) त्या लायब्ररीलाही दिले आहे. बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून पाहिले (हा सल्ला सर्वप्रथम येणार, हे ठाऊक आहे). 'डम्पबिन' या फाइल तपासणाऱ्या साधनाने पाहिल्यावर लायब्ररीत 'लिबसीएमटी' (स्टॅटिक रनटाइम) ऐवजी 'एमएसव्हीसीआरटी' (डायनॅमिक रनटाइम) चाच उल्लेख दिसतो, म्हणजे दिलेले मूल्य तिथे लागूच होत नाही.

त्या लायब्ररीच्या 'सीमेकलिस्ट्स' फाइलमध्ये (सीमेकची बिल्ड-सूचना फाइल) सीमेकची किमान आवृत्ती ३.१० नमूद आहे, आणि रनटाइम निवडणारे वरील चल सीमेक ३.१५ पासून, सीएमपी००९१ हे धोरण (सीमेकने जुने की नवे वर्तन वापरावे हे ठरवणारी सेटिंग) 'न्यू' असतानाच मानले जाते. त्यामुळे माझा संशय तिथेच आहे. लायब्ररीचा मूळ कोड किंवा तिची 'सीमेकलिस्ट्स' फाइल बदलता येणार नाही. 'सीमेक_सीएक्सएक्स_फ्लॅग्ज_रिलीज' (रिलीज बिल्डचे कंपायलर-पर्याय) थेट लिहिल्यास '/ओ२' (वेगासाठी ऑप्टिमायझेशन) सारखे मूळ पर्याय पुसले जातात, म्हणून तो मार्ग शक्यतो टाळायचा आहे.

अशा स्थितीत 'सीमेक_पॉलिसी_डिफॉल्ट_सीएमपी००९१'चे मूल्य 'न्यू' करून ते 'सीमेक_आर्ग्स'मधूनच देणे पुरेसे ठरेल का, की टूलचेन फाइलमध्येही (कंपायलरच्या सेटिंग्जची वेगळी फाइल) काही लिहावे लागेल?