नक्शा पास झाला, आता कोर्टात जाऊन काय उपयोग?

रामबागकर: आमच्या कॉलनीच्या लेआउटमध्ये बगीच्याला ठेवलेला तुकडा, तिथे कमर्शियल बिल्डिंगचा नक्शा पास झालाय, पाटी लागली तेव्हा कळलं. अर्धे लोक म्हणतात हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका, टाका, अर्धे म्हणतात पैसे पाण्यात. माझं मत टाका, आणि या महिन्यातच टाका. फक्त कोर्ट "ही बिल्डिंग इथे बरी की वाईट" हे ठरवत नाही हो. सही करणाऱ्याला तो अधिकार होता का, बगीच्याचा वापर बदलताना हरकती मागवल्या का, मागवल्या तर ऐकल्या का, एवढंच बघतात. मीटिंगमध्ये सगळे ट्रॅफिक आणि पार्किंगवरच भांडत होते, त्यावर एकट्यावर केस उभी राहत नाही.

भिया_फ्लॅटवाला: दादा, दुसरी बाजू पण ऐका. मी स्टे लागलेल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बुक केलेला माणूस आहे. परवानगीचा कागद बघून बँकेने लोन दिलं, बँकेला चाललं तर मला का नको चालायला? आता भाडं पण भरतोय, हप्ता पण भरतोय, आणि तारीख पे तारीख. याचिका टाकणारे शेजारी मजेत आपल्या घरी राहतात. सरकारने शिक्का मारला त्याच्यावर सामान्य माणसाने भरवसा ठेवायचाच नाही का?

लोकमान्यनगर_ताई: तुमचा राग खरा आहे, पण तो शेजाऱ्यांवर कशाला? नोएडाचे जुळे टॉवर आठवा. रहिवासी 2012 मध्ये हायकोर्टात गेले, 2014 मध्ये पाडायचा आदेश, 31 ऑगस्ट 2021 ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला, ऑगस्ट 2022 मध्ये टॉवर खाली. फ्लॅट घेणाऱ्यांना 12 टक्के व्याजासकट पैसे परत द्या असं पण सांगितलं. तिथेही कागदावर परवानग्या होत्याच की.

भिया_फ्लॅटवाला: म्हणजे दहा वर्षं! हेच तर म्हणतोय ताई. व्याज मिळालं तरी दहा वर्षांत त्या पैशात घर कुठे मिळतं?

पक्या_सुदामानगर: कोर्टाला शहर कळतं का हाच माझा प्रश्न. आपली बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी लेन, घ्या. 2013 ला सुरू झाली, साडेअकरा किलोमीटर, वर्षानुवर्षं केस चालली, कमिट्या बसल्या. शेवटी सरकारनेच काढतो म्हटल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये कोर्टाने परवानगी दिली. मग एवढी वर्षं काय केलं?

रामबागकर: पक्या, तू माझ्याच बाजूने बोलतोयस. रस्त्यावर बस कुठून जावी हे कोर्टाचं काम नाही, म्हणूनच ते रेंगाळतं. बगीचा गिळला हा प्रश्न वेगळा. 1991 च्या बंगलोरच्या केसमध्ये पार्कची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, दवाखाना काय वाईट गोष्ट आहे? तरी हायकोर्टाने ते रद्द केलं, सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं, आणि आसपासच्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे असंही म्हटलं.

आप्पा: मी कोर्टात कारकुनी केली आहे, म्हणून सांगतो. 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमात, म्हणजे मध्य प्रदेशच्या नगररचना कायद्यात, परवानगीवर अपील आहे, पण ते अर्ज करणाऱ्याला. शेजाऱ्याला मुख्यतः घटनेचं कलम 226, म्हणजे हायकोर्टातली रिटच, उरतं. आणि तीन मजले चढल्यावर गेलात तर पहिला प्रश्न येतो, इतके दिवस झोपला होतात का? भियाचं नुकसान त्या उशिरानेच झालं, खड्डा खणतानाच कोणी गेलं असतं तर त्याने बुकिंगच केलं नसतं.

भिया_फ्लॅटवाला: हे मात्र पटलं काका. आमच्याकडे लोक चौथा स्लॅब पडल्यावर गेले.

पक्या_सुदामानगर: आणि वकिलाची फी?

रामबागकर: घरटी वर्गणी काढतोय. पण आधी मंजूर लेआउटची नक्कल आणि हरकती मागवल्याची पेपरातली सूचना हवी. कोणाच्या रद्दीत दोन वर्षांपूर्वीचे पेपर असतील तर भंगारवाल्याला देऊ नका, मी रविवारी पोह्यानंतर येऊन बघतो.

लोकमान्यनगर_ताई: माझ्या गच्चीवर गठ्ठे आहेत. शिडी तुमची तुम्ही आणा.