चंद्रशेखर काठमांडूला गेले, ती ढवळाढवळ नव्हती

सुधीर (उद्यमनगर)
परवा इथे एकानं लिहिलं: "1990 ला चंद्रशेखर काठमांडूला गेले ही शुद्ध ढवळाढवळ होती. दुसऱ्याच्या घरात तोंड घालायचं आपल्या पुढाऱ्यांना कारण काय?" वाचून रात्रभर डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

चंद्रशेखर तेव्हा साधे खासदार होते. पंतप्रधान झाले ते त्या वर्षाच्या शेवटाला. जानेवारीत नेपाळी काँग्रेस या तिथल्या लोकशाहीवादी पक्षाची परिषद भरली ती पक्षाचे नेते गणेशमान सिंह यांच्या घरी. भर सभा घ्यायची सोयच नव्हती, पक्षांवर बंदी होती. राजा महेंद्रनं 1960 च्या डिसेंबरात याच पक्षाचे पंतप्रधान बी. पी. कोइराला यांचं निवडून आलेलं सरकार मोडलं आणि त्यांना तुरुंगात टाकलं, तेव्हापासूनचं हे. तीस वर्षं दाबलेल्या माणसांनी बोलावलं आणि हे गेले. 18 फेब्रुवारीला लोकशाहीसाठी आंदोलन सुरू झालं, 8 एप्रिलच्या रात्री राजा बीरेंद्रनं पक्षांवरची बंदी उठवली.

आमच्या लेथच्या शेडवर एक नेपाळी राखणदार होता. सगळे बहादूर म्हणायचे, खरं नाव आम्ही कधी विचारलं नाही, याची मला आज लाज वाटते. त्याच्या ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण गेलेलं, सेल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेले. त्या सकाळी शटर उघडायला गेलो तर तो कानाला ट्रान्झिस्टर लावून रडत उभा. "मालिक, पार्टी खुल गया." चंद्रशेखरांचं नाव त्यानंच मला सांगितलं. अशा माणसाला ती भेट ढवळाढवळ वाटली नाही.

बाळासाहेब
सुधीरभाऊ, गोष्ट काळजाला भिडली. पण मार्च 1989 का गाळलंत? व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले आणि आपण नेपाळच्या सीमेवर दोनच नाकी उघडी ठेवली. काठमांडूत रॉकेलला रांगा. एका हातानं रॉकेल अडवायचं आणि दुसऱ्या हातानं लोकशाहीला हार घालायचा, हे मला पटत नाही. असा पाहुणा आला की राजवटीला आयतं कोलीत मिळतं, आंदोलन करणारा लगेच भारताचा हस्तक ठरतो.

मी 2015 च्या डिसेंबरात इंजिनाच्या सुट्या भागांच्या कामासाठी काठमांडूत होतो. एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरात नवी राज्यघटना, आणि लगेच सीमेवर गाड्या बंद. मधेशी, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागातल्या, आंदोलकांनी अडवल्या असं आपलं सरकार सांगत राहिलं, तिथल्या माणसाला ते पटत नव्हतं. आमच्या हॉटेलवाल्यानं गच्चीवर तीन विटांची चूल मांडली होती. खाटेचे पाय जाळून आमचा भात शिजवला. ताट पुढे ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. ते ताट मला अजून आठवतं.

सुधीर (उद्यमनगर)
1989 ची कोंडी राजीव गांधींच्या सरकारनं केली. चंद्रशेखर त्यांचे विरोधक. दोघांना एका दावणीला बांधू नका.

आणि हे नातं एकतर्फी होतं का? 1943 ला जयप्रकाश आणि लोहिया नेपाळात हनुमाननगरला पकडले गेले, तेव्हा साथीदारांनी हल्ला करून त्यांना सोडवलं. नेपाळी लोकांनी त्यात जीव धोक्यात घातला. बी. पी. स्वतः बेचाळीसच्या आंदोलनात आपल्याकडे तुरुंगात होते. त्या माणसांनी सीमा बघितली नाही.

निपाणीकर
काठमांडू राहू द्या. कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून दाखवा आधी. तुमच्या कोल्हापुरातून दरवर्षी पुढारी निघतात बेळगावला, मराठी माणसाच्या पाठिंब्याला. नाक्यावर अडवलं की घोषणा, फोटो, आणि जेवायला परत कागल. इकडे आमच्यावर कलमं लागतात. माझ्या वडिलांवर गुन्हा आहे, वय 71. पाठिंबा देणारा घरी जातो, मार खाणारा तिथंच राहतो. बाळासाहेबांचं बरोबर आहे.

वैशाली
सरसकट बोलू नका. 1986 ला भुजबळ वेश बदलून बेळगावात शिरले आणि तुरुंगातही गेले. तेव्हा सीमाभागातली माणसं किती दिवस तेच बोलत होती, माझ्या आजोळी विचारा.

निपाणीकर
ताई, तो एक. 1956 पासून मोजा. डिसेंबर 2022 ला महाराष्ट्राचे दोन मंत्री येणार येणार म्हणून आम्ही वाट बघितली, दौराच रद्द झाला. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे.

बाळासाहेब
विषय नेपाळचा आहे. ते परराष्ट्र, बेळगाव नुसतं परराज्य. सीमाप्रश्नाचं रडगाणं इथं कशाला?

निपाणीकर
रडगाणं? ओ साहेब, शब्द मागे घ्या. तुमच्या मुलाला शाळेत मराठी मिळते म्हणून तुम्हाला हे रडगाणं वाटतं.

बाळासाहेब
घेतला मागे. शब्द चुकला.

सुधीर (उद्यमनगर)
मला निपाणीकरांचं बोलणं विषयाबाहेरचं वाटत नाही. काल मी हे लिहिलं नसतं, पण आज लिहितो: गणेशमान सिंहांच्या घरातले पाहुणे परतले आणि नंतर काठमांडूच्या दरबार मार्गावर 6 एप्रिलला गोळ्या झेलल्या त्या नेपाळी पोरांनी. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. तरी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या अंगावर येणार आहे त्यांनीच बोलावलं असेल तर जावं, आणि नंतरही त्यांची विचारपूस करावी. बाळासाहेब, तुमच्या खाटेच्या पायांवर माझ्याकडे उत्तर नाही.

बाळासाहेब
बोलावलं असेल तर, एवढं मीही मानतो. पण बोलावणारा खरंच लोकांचा आहे की एका गटाचा, हे इथं बसून कळत नाही. माझं भांडण तिथंच आहे.

निपाणीकर
मग मी बोलावतो. वडिलांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. कॅमेरा नको, झेंडा नको. कोर्टाच्या आवारात त्यांच्या शेजारी बाकावर बसायला कुणी असलं तर बरं वाटेल त्यांना.

सुधीर (उद्यमनगर)
तारीख कळवा. मी येतो.

बाळासाहेब
गाडी माझी घेऊ.